छप्पर आणि भिंती: जर्मन लोकविद्यालयांच्या डिजिटल बदलाचं एक प्रकरण

आपण जिला शिखर संस्था म्हणतो तिला जर्मन भाषेत 'डाखफरबांड' म्हणतात. 'डाख' म्हणजे छप्पर. हे प्रकरण अभ्यासताना शब्दांतला हा फरक सारखा डोक्यात घोळत राहिला. शिखर म्हटलं की वरून खाली येणारी परिपत्रकं डोळ्यांपुढे येतात. छप्पर भिंतींवर टेकलेलं असतं. भिंती आधी उभ्या राहिलेल्या असतात, त्यांची उंची, जाडी, माती सगळं वेगवेगळं असतं, आणि एखाद्या भिंतीने अंग काढून घेतलं तर छपराने तिच्यावर डोळे वटारून काही होत नाही.

जर्मनीतल्या लोकविद्यालयांचा राष्ट्रीय संघ हे असं छप्पर आहे. २०१३च्या सुमारास सुरू झालेल्या हालचालींपासून कोरोनाच्या टाळेबंदीपर्यंत सुमारे ९०० स्वायत्त संस्थांना डिजिटल शिक्षणाकडे नेण्याची खटपट त्याच्या छायेत झाली. हुकूम सोडायचा अधिकार नसताना ती कशी झाली, कुठे जमली आणि कुठे अडली, एवढाच या लेखाचा विषय.

भिंती कशा आहेत

'फोल्क्सहोखशूल' या शब्दाचा सरळ अर्थ लोकांची उच्च शाळा. मी इथे तिला लोकविद्यालय म्हणतो. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची वरची मर्यादा नाही. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर कुणी स्पॅनिश शिकायला येतो, कुणी पाठदुखीवरचे व्यायाम करायला, कुणी हिशेब शिकायला, कुणी अर्धवट राहिलेली शालान्त परीक्षा पूर्ण करायला, आणि कुणी नुकताच त्या देशात आलेला असतो म्हणून जर्मन शिकायला. भाषा आणि आरोग्य ही दोन दालनं सगळ्यांत गजबजलेली. १९१९च्या वायमार राज्यघटनेच्या १४८व्या कलमात लोकविद्यालयांचं नाव घेऊन त्यांना केंद्राने, राज्यांनी आणि गावांनी पाठबळ द्यावं असं लिहिलेलं होतं. म्हणून २०१९ मध्ये त्यांनी शंभरी साजरी केली.

रोजच्या बोलण्यात लोक 'फाओ-हा-एस' एवढंच म्हणतात. ही आद्याक्षरं इंग्रजी उच्चाराने वाचली तर व्हीएचएस होतात, आणि चाळिशी ओलांडलेल्या आपल्या वाचकाला व्हिडिओ कॅसेट आठवते. तो योगायोग अगदीच वावगा नाही. टीव्ही हे नवं माध्यम होतं तेव्हाही याच संघाने त्याची दखल घेतली होती. चांगल्या टीव्ही कार्यक्रमांना दिला जाणारा ग्रिमे पुरस्कार संघानेच सुरू केला आणि तो पहिल्यांदा १९६४ साली दिला गेला. नव्या यंत्राकडे नाक मुरडण्याऐवजी त्यातलं चांगलं काय ते शोधायचं, ही सवय घरात जुनी आहे.

आता रचना पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. लोकविद्यालय एका साच्याचं नसतं. कुठे ते नगरपालिकेचं खातं असतं, कुठे नोंदणीकृत संस्था, कुठे लोकहितासाठीची मर्यादित कंपनी, कुठे आसपासच्या गावांनी मिळून चालवलेलं मंडळ. बर्लिनमध्ये बारा जिल्ह्यांची बारा लोकविद्यालयं आहेत, तर हॅम्बुर्गमध्ये सगळ्या शहराचं मिळून एकच. त्यांच्या वर राज्यांचे सोळा संघ, आणि त्या सोळा संघांचा मिळून बॉनमधला राष्ट्रीय संघ, स्थापना १९५३. शिक्षण हा जर्मनीत राज्यांचा विषय असल्याने प्रौढशिक्षणाचे कायदे राज्यागणिक वेगळे आणि अनुदानाची सूत्रंही वेगळी.

शिकवणारे कोण? बहुसंख्य मानधनावर. ४५ मिनिटांचा एक तास धरून हिशेब होतो. घरी बसून केलेली तयारी त्या तासाच्या दरातच गृहीत धरलेली. ही बारीकशी गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण शेवटी आपण तिथेच येऊन थांबणार आहोत.

म्हणजे राष्ट्रीय संघ कुणाला नेमू शकत नाही, काढू शकत नाही, कुणाचं अनुदान वाढवू किंवा थांबवू शकत नाही. त्याच्या हाती उरतं ते असं: सगळ्यांना एकत्र बसवणं, एकट्याला न परवडणारी वस्तू सगळ्यांसाठी मिळून उभी करणं, माणसं घडवणं, आणि सरकारदरबारी बोलणं.

कुंभकर्णाला उठवा

पहिली हाक संघाच्या कार्यालयातून आली नव्हती. २०१३च्या शरद ऋतूत लोकविद्यालयांच्या वर्तुळातल्या काही उत्साही मंडळींनी इंटरनेटवर एक खुला अभ्यासक्रम चालवला. त्याचं घोषवाक्य होतं, महाकायाला जागं करा. मराठीत सांगायचं तर कुंभकर्णाला उठवा. देशभर पसरलेली, गावोगाव वर्गखोल्या असलेली ही व्यवस्था इंटरनेटच्या बाबतीत घोरत पडली आहे, हा त्यातला टोला. अभ्यासक्रमात विद्यार्थी होते ते बरेचसे लोकविद्यालयांत काम करणारेच. म्हणजे शिकवणाऱ्यांनी स्वतः ऑनलाइन विद्यार्थी होऊन पाहिलं. भाषणांतून जे पटत नाही ते अशा अनुभवातून पटतं.

अशा वेळी शिखर संस्थांचं वर्तन ठरलेलं असतं. एक तर दुर्लक्ष, नाहीतर समिती नेमून ती कल्पना गिळून टाकणं. इथे तिसरं काही घडलं. खालून आलेल्या त्या ऊर्जेला संघांनी नाव दिलं, आराखडा दिला आणि ती पसरू दिली. नाव होतं 'एरवाइटर्टे लेर्नवेल्टन', विस्तारित अध्ययनविश्वं. त्या नावातला 'विस्तारित' हा शब्द मला फार शहाणपणाचा वाटतो. वर्ग बंद करून संगणक आणायचा आहे, असा त्यात कुठेही वास नाही. खोली, फळा, चहाची सुट्टी, शेजारी बसलेला माणूस, सगळं राहील. त्याच्या आधी, नंतर आणि मध्ये ऑनलाइन काही तरी जोडलं जाईल. वीस वर्षं मंगळवारी संध्याकाळी इटालियन शिकवणाऱ्या बाईंना हे ऐकताना पोटात गोळा येत नाही. बदल नाकारण्याचं पहिलं कारणच त्यामुळे गळून पडतं.

आराखड्याचा सगळ्यात उपयोगी भाग 'डिजिसर्कल' हा होता. आसपासच्या मोजक्या लोकविद्यालयांनी एक गट करायचा, त्यातल्या एकाने पुढाकार घ्यायचा, आणि मिळून खरेखुरे कोर्स आखून पाहायचे. यातलं मर्म समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन पूर्णवेळ कर्मचारी असलेलं एक छोटं लोकविद्यालय आहे. तिथे पोर्तुगीज शिकायला चारच जण नाव नोंदवतात आणि पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून कोर्स दरवर्षी रद्द होतो. शेजारच्या दोन गावांतही तसेच चार-चार. तिघांनी मिळून ऑनलाइन वर्ग घेतला तर बारा जण होतात आणि कोर्स चालतो. पण लगेच प्रश्न येतात. फी कोण घेणार? मानधन कोण देणार? राज्याला पाठवायच्या अहवालात हे तास कुणाच्या खात्यात लिहायचे? डिजिटल बदलाच्या चर्चेत हे प्रश्न क्षुल्लक मानले जातात. माझ्या मते नव्वद टक्के बदल याच प्रश्नांत अडकतो. गट लहान असला, माणसं एकमेकांना ओळखत असली, तर ते फोनवर सुटतात.

एकच क्लाउड कशाला?

२०१८ साली संघाने 'व्हीएचएस क्लाउड' सुरू केला. सगळ्या लोकविद्यालयांसाठी एक सामायिक ऑनलाइन व्यासपीठ. प्रत्येक कोर्सला त्यात स्वतःची खोली मिळते. तिथे फायली ठेवता येतात, सूचनाफलक असतो, गप्पांची जागा असते, निरोप पाठवता येतात, अभ्यासाचा क्रम लावून देता येतो. विद्यार्थी नाव नोंदवतो, कोर्सचा कोड टाकतो आणि आपल्या खोलीत शिरतो.

तंत्राच्या दृष्टीने यात अचंबा वाटण्यासारखं काही नव्हतं. मूडलसारखी मोफत प्रणाली तेव्हाही होती आणि काही लोकविद्यालयं ती वापरतही होती. मग एवढा खटाटोप कशाला?

एक कारण कायद्याचं. २५ मे २०१८ पासून युरोपीय संघाचा डेटासंरक्षण नियम लागू झाला. त्याच्या २८व्या कलमानुसार, तुमच्या वतीने दुसरं कुणी लोकांची माहिती हाताळत असेल तर त्याच्याशी लेखी करार हवा. मोठा भंग झाला तर दंडाची कमाल मर्यादा २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांतली मोठी रक्कम. आता वरच्या तीन कर्मचाऱ्यांच्या लोकविद्यालयाचा विचार करा. तिथे विधी सल्लागार नाही, सर्व्हर सांभाळणारा नाही, आणि उन्हाळी सत्राची पुस्तिका छापायला द्यायची घाई आहे. तिथलं कार्यालय सांभाळणारा माणूस जोखीम नको म्हणून सरळ 'ऑनलाइन काही करू नका' असं सांगून मोकळा होतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. व्यासपीठ एकच असलं की त्याची कायदेशीर तपासणी एकदा होते, कराराचा मसुदा एकदा तयार होतो, आणि बाकीच्यांनी तो वाचून सही करायची. ९०० वेळा करायचं काम एकदा होतं. छपराचं खरं काम हेच: पाऊस एकाच जागी अडवणं.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं आहे आणि बाहेरच्यांच्या नजरेत फारसं येत नाही. क्लाउडमध्ये कोर्सच्या खोल्यांखेरीज कर्मचाऱ्यांचे गटही होते, गावच्या, राज्याच्या आणि देशाच्या पातळीवरचे. आरोग्य विभाग सांभाळणारी, बव्हेरियातल्या एका गावातली बाई उत्तर समुद्राकाठच्या सहकाऱ्याला विचारू शकते की योगाचा वर्ग पडद्यावर घेताना कॅमेरा कुठे ठेवता. प्रौढशिक्षणात ही माणसं आपापल्या गावात एकटी असतात. शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाला शेजारच्या वर्गात दुसरा गणिताचा शिक्षक भेटतो, लोकविद्यालयाच्या विभागप्रमुखाला कुणी भेटत नाही. हा एकटेपणा फोडणं, हे मी क्लाउडचं सगळ्यात मोठं काम समजतो.

अडचणीही होत्या. क्लाउडमध्ये येणं ऐच्छिक होतं, आणि ऐच्छिक गोष्टीचं जे होतं ते इथेही होणारच होतं: खातं उघडणं सोपं, ते रोज वापरणं अवघड. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर तो आधी लोकविद्यालयाच्या संकेतस्थळावर कोर्सची नोंदणी करतो, फी भरतो, आणि मग पुन्हा क्लाउडमध्ये वेगळं खातं उघडतो, वेगळा पासवर्ड ठेवतो. सत्तरीच्या गृहस्थांना हे दोन पासवर्ड वर्गाच्या आधी दहा मिनिटं फोनवर समजावून सांगणं हे काम कुणाच्याही पदवर्णनात लिहिलेलं नसतं. ते पडतं कार्यालयातल्या त्याच माणसावर, जो पुस्तिका छापायला देत होता. नोंदणीचं सॉफ्टवेअर आणि शिकण्याचं व्यासपीठ यांची सांधेजोड हा कंटाळवाणा विषय आहे. पण अशा सामायिक व्यवस्था तरतात की बुडतात हे बऱ्याचदा त्या सांध्यावरच ठरतं.

भिंतींना वळसा

संघाच्या हातात आणखी एक साधन होतं, क्लाउडहून जुनं. २००४ साली त्याने 'इख विल लेर्नन', म्हणजे 'मला शिकायचंय', या नावाचं मोफत संकेतस्थळ सुरू केलं. लिहिता-वाचता नीट न येणाऱ्या प्रौढांसाठी. पुढे जर्मन शिकणाऱ्यांसाठी त्याचं भावंड आलं आणि २०१८ मध्ये दोन्ही मिळून 'लर्नपोर्टल' झालं. पैसा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा.

जर्मनीत निरक्षरता? असा प्रश्न पडणं साहजिक आहे. हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या २०१८च्या पाहणीत १८ ते ६४ वयोगटातले सुमारे ६२ लाख प्रौढ असे आढळले की त्यांना फार तर एखादं साधं वाक्य वाचता-लिहिता येतं, सलग मजकूर नाही. हे प्रमाण १२.१ टक्के. त्यातल्या निम्म्याहून अधिकांची मातृभाषा जर्मनच होती आणि ६२ टक्क्यांहून अधिक जण नोकरीधंद्यात होते. ही माणसं वर्षानुवर्षं 'चष्मा घरी विसरलो' म्हणत दिवस काढतात. साक्षरतेच्या वर्गाच्या दारात शिरताना कुणी ओळखीचं पाहील, ही त्यांची सगळ्यात मोठी भीती. संकेतस्थळावर टोपणनावाने शिरता येत होतं. मागे शिक्षक नसलेल्या विद्यार्थ्याला तिथे ऑनलाइन मार्गदर्शक मिळायचा, तो त्याने लिहिलेलं तपासायचा आणि उत्तर पाठवायचा. लाज बाजूला ठेवून शिकता येण्याची सोय, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी हे साधन मोलाचं मानीन.

पण इथे छप्पर थेट माणसापर्यंत गेलं, भिंतींना वळसा घालून. घरोघर मोबाइलवर फुकट जर्मन शिकता येत असेल तर गावातल्या लोकविद्यालयाचा फी घेऊन चालणारा वर्ग कोण भरेल? ही शंका निघणारच. तोड काढली ती साधी होती. वर्गशिक्षकाला त्याच पोर्टलमध्ये स्वतःचा वर्ग उघडता येतो, आपल्या विद्यार्थ्यांना तिथलाच अभ्यास देता येतो, कोण कुठे अडलंय ते पाहता येतं. पोर्टल वर्गाचं प्रतिस्पर्धी न होता वर्गाची वही झालं. संघाने वरून थेट सेवा द्यायची ठरवली की सदस्यांच्या पोटावर पाय पडतो की काय, हा प्रश्न कुठल्याही क्षेत्रातल्या शिखर संस्थेपुढे येतो. उत्तर नेहमी असं नीट सापडतंच असं नाही.

मार्च २०२०

मार्चच्या मध्यावर दारं बंद झाली. चालू सत्र अर्ध्यावर होतं, फी भरलेली होती, आणि मानधनावरच्या शिक्षकांचं उत्पन्न एका आठवड्यात थांबलं.

क्लाउड तेव्हा दोन वर्षांचा होता. ज्यांनी डिजिसर्कलमध्ये प्रत्यक्ष काम करून पाहिलं होतं त्यांना आठवडाभरात काही तरी उभं करता आलं. ज्यांनी खातं उघडून ठेवलं होतं तेही निदान दारापर्यंत आलेले होते. वापर एकदम उसळला. व्हिडिओ कॉन्फरन्स, जी आधी दहा सोयींपैकी एक होती, तीच रातोरात मुख्य सोय ठरली. आणि ती पुरवणं हेच कुठल्याही व्यासपीठाला सगळ्यात जड जाणारं काम. फायली साठवणं आणि शेकडो वर्गांचं चलत्चित्र एकाच संध्याकाळी सहा वाजता वाहून नेणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कित्येक शिक्षकांनी मग सरळ झूम वापरलं. त्यांना दोष देणारा मी कोण! विद्यार्थी समोर दिसले पाहिजेत ही त्यांची गरज होती. पण जुलै २०२० मध्ये बर्लिनच्या डेटासंरक्षण आयुक्तांनी व्हिडिओ सेवांची तपासणी सिग्नलच्या रंगांत जाहीर केली तेव्हा झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स अशा लोकप्रिय सेवांना लाल दिवा मिळाला. सरकारी खातं असलेल्या लोकविद्यालयाला असा लाल दिवा दुर्लक्षून चालत नाही. दोन वर्षांपूर्वी कंटाळवाणी वाटलेली ती कराराची कागदपत्रं अचानक कामाची ठरली.

जर्मन शिकणाऱ्या स्थलांतरितांचं काय झालं, हा मला या काळातला सर्वांत बोलका धागा वाटतो. स्थलांतरितांचा एकात्मता अभ्यासक्रम साधारणपणे ७०० तासांचा, त्यातले ६०० भाषेचे. पैसा आणि नियम केंद्राच्या स्थलांतर व निर्वासित कार्यालयाचे, आणि सर्वांत मोठे चालक म्हणजे लोकविद्यालयं. वर्ग थांबले तेव्हा त्या कार्यालयाने ऑनलाइन शिकवणीला पैसे द्यायचं मान्य केलं: विद्यार्थी डिजिटल साधनावर अभ्यास करील आणि त्याचा शिक्षक दुरून मार्गदर्शन करील. लर्नपोर्टल या अभ्यासक्रमाशी आधीपासूनच जुळवलेलं होतं, म्हणून ते लगेच वापरता आलं. इथे तिन्ही गोष्टी जुळून आल्या. तयार साधन होतं, ते वापरणारा शिक्षक होता आणि त्या शिक्षकाच्या तासाचे पैसे देणारं खातं होतं. बाकी ठिकाणी या तिघांतलं एक तरी गैरहजर असायचं. बहुधा शेवटचं.

सगळंच बॉनहून आलं असं मात्र नाही. 'व्हीएचएस विस्सन लाइव्ह' ही ऑनलाइन व्याख्यानमाला बव्हेरियातल्या दोन लोकविद्यालयांनी उभी केली. एकट्या गावाच्या आवाक्यात नसलेले वक्ते, शास्त्रज्ञ, पत्रकार पडद्यावर येतात आणि देशभरातली लोकविद्यालयं ते व्याख्यान आपल्या कार्यक्रमात घेतात. राष्ट्रीय संघाने हे स्वतः केलं नाही, आणि करायला हवं होतं असंही मला वाटत नाही. दोन भिंतींनी मिळून बांधलेल्या अशा ओवरीला छपराने आडकाठी करू नये, एवढं पुरे.

पैशाची गोष्ट

२०१९च्या मे महिन्यात जर्मनीत शाळांसाठीचा 'डिजिटलपाक्ट' लागू झाला. केंद्राने ५ अब्ज युरो देऊ केले. शिक्षण राज्यांचं, त्यामुळे त्यात केंद्राने पैसा घालण्यासाठी आधी राज्यघटनेच्या १०४-क या कलमात दुरुस्ती करावी लागली. वायफाय, वर्गातले डिजिटल फळे, उपकरणं, सगळं शाळांसाठी. लोकविद्यालयं त्यात नव्हती.

बऱ्याच ठिकाणी लोकविद्यालयाचे संध्याकाळचे वर्ग शाळेच्याच इमारतीत भरतात. म्हणजे सकाळी मुलांसाठी असलेलं वायफाय संध्याकाळी मोठ्यांना वापरायला मिळेल की नाही, हे त्या शाळेच्या आणि नगरपालिकेच्या मर्जीवर. प्रौढशिक्षणासाठीही असाच डिजिटल करार करा, ही मागणी संघाने तेव्हापासून लावून धरली. शाळांना मिळाला तशा आकाराचा करार काही पदरात पडला नाही.

संघाच्या कामाचा हा भाग लोकांना दिसत नाही. निवेदनं, सुनावण्या, मंत्रालयातल्या बैठका. क्लाउडसारखी वस्तू दाखवता येते, निवेदन दाखवून कुणाचं समाधान होत नाही. तरी ९०० संस्थांपैकी एकेकीने जाऊन केंद्राच्या दारात उभं राहणं शक्य नसतं. तिथे छपराशिवाय कुणाचाच आवाज पोहोचत नाही. पुढे युरोपात प्रौढशिक्षणाची संघटना म्हणून ब्रसेल्समध्ये ईएईए बसते, तीही योगायोगाने १९५३चीच. छपरावर आणखी एक छप्पर. युरोपीय संघाने २०३० पर्यंत ८० टक्के प्रौढांना मूलभूत डिजिटल कौशल्यं यावीत असं लक्ष्य ठेवलं आहे, आणि ते लक्ष्य शाळांच्या जोरावर गाठता येणार नाही हे सांगत राहणं हे या वरच्या छपराचं काम.

ऑस्ट्रियाने काय आधी केलं

शेजारच्या ऑस्ट्रियात क्रम वेगळा होता, म्हणून थोडं तिकडे पाहू. तिथे प्रौढशिक्षणाच्या दहा मोठ्या संघटनांचं एक सामायिक व्यासपीठ १९७२ पासून आहे. २०१७ मध्ये ग्राझच्या तंत्रविद्यापीठाच्या सहभागाने प्रौढशिक्षकांसाठी 'ईबीमूक' हा खुला ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत चालवला गेला, आणि हजारो जणांनी त्यात नाव नोंदवलं. ठिकठिकाणी संस्थांनी त्याच्या जोडीला प्रत्यक्ष गट भरवले. एकट्याने पडद्यासमोर बसण्याऐवजी चार सहकारी मिळून धडा पाहायचे. साधन कुठलं वापरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, आधी माणूस तयार होऊ दे, असा तो क्रम.

जर्मन संघाने प्रशिक्षण केलं नाही असं अजिबात नाही. राज्यसंघांमार्फत क्लाउडचे प्रशिक्षक तयार झाले, कार्यशाळा झाल्या. पण व्यासपीठ एकदा उभं राहिलं की प्रशिक्षणही त्याच्या बटणांभोवती फिरू लागतं. 'हे बटण दाबलं की खोली उघडते' हे शिकवायला दोन तास पुरतात. पडद्यावरच्या बारा गप्प चेहऱ्यांना बोलतं कसं करायचं हे शिकवायला सत्र लागतं. मला निवडायला सांगितलं तर मी ऑस्ट्रियाचा क्रम घेईन आणि कागदपत्रं जर्मनीची.

तास कुणाच्या खात्यात

टाळेबंदी उठल्यावर बरेच लोक खोल्यांत परतले. व्यायामाचे वर्ग तर लगेच भरले. भाषांमध्ये मिश्र रूप टिकलं: एक संध्याकाळ खोलीत, एक घरून. दूर राहणारे, लहान मुलं असलेले, पाळीत काम करणारे यांना ते सोयीचं पडलं.

आता त्या इटालियन शिकवणाऱ्या बाईंकडे परत जाऊ. मंगळवारच्या वर्गासाठी त्या पूर्वी घरी पुस्तक उघडायच्या, दोन पानांच्या प्रती काढायच्या. आता सोमवारी रात्री त्या क्लाउडमधली खोली लावतात, ध्वनिफीत चढवतात, गेल्या आठवड्याचे आठ गृहपाठ तपासून प्रत्येकाला दोन ओळी लिहितात, आणि जो कोड विसरला त्याला तो पुन्हा पाठवतात. वर्ग पूर्वीइतकाच, ४५ मिनिटांचे दोन तास. मानधनही तेवढ्याचंच. सोमवारच्या रात्रीचा तास कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तो बसवायचा तर लोकविद्यालयाने मानधनाचा दर बदलायला हवा, त्यासाठी नगरपालिकेने अंदाजपत्रकात तरतूद वाढवायला हवी, आणि राज्याने अनुदान मोजताना वर्गाबाहेरचं ऑनलाइन मार्गदर्शनही शिकवण्याचा तास म्हणून धरायला हवं. तीन कागद, तीन वेगवेगळ्या टेबलांवर. संघ प्रत्येक टेबलापाशी जाऊन विनंती करू शकतो, नमुना मसुदा तयार करून देऊ शकतो. सहीची जागा मात्र त्यांतल्या एकाही कागदावर त्याच्यासाठी नाही.